वृषणातील उष्णताघात प्रथिने व हॉर्मोन-नियंत्रण

सजीवांच्या कोशिकांना नेहमीपेक्षा अधिक तापमान सोसावे लागले असता ज्या प्रथिनांची निर्मिती त्यांच्यात अल्पावधीत व मोठ्या प्रमाणावर वाढते, त्यांना उष्णताघात प्रथिने म्हणतात. जीवाणूंपासून मानवापर्यंत बहुतेक सर्व सजीवांत ती आढळतात. त्यांच्या नावात उष्णतेचा उल्लेख असला, तरी ऑक्सिजनाची कमतरता, जड धातू, विषारी द्रव्ये, शोथ (दाहयुक्त सूज) इ. कारणांनीही ती निर्माण होतात. शिवाय त्यांपैकी कित्येक प्रथिने कोणताही ताण नसताना कोशिकेच्या दैनंदिन व्यवहारासाठी आवश्यक असतात. पुरुषाच्या जनन तंत्रात, विशेषतः वृषणात, या प्रथिनांना आगळे महत्त्व आहे. याची कारणे तीन आहेत : (१) बहुतेक सस्तन प्राण्यांतील वृषण शरीराच्या अंतर्भागापेक्षा कमी तापमानात कार्य करतो आणि थोड्या उष्णतावाढीनेही त्याच्या कार्यात बिघाड होतो, (२) शुक्राणू तयार होत असताना काही खास उष्णताघात प्रथिने उष्णतेच्या उद्दीपनाशिवायच ठराविक अवस्थेत निर्माण होतात व त्यांच्या अभावी शुक्राणूंची निर्मिती थांबते, (३) पुं-हॉर्मोनाचा संदेश स्वीकारणारे ग्राही प्रथिन याच गटातील प्रथिनांच्या आधाराने कार्यक्षम राहते. यामुळे वंध्यत्व, लहान मुलांतील अनवतीर्ण (मुष्कात न उतरलेला) वृषण व अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग या एरवी वेगवेगळ्या वाटणाऱ्या विकारांचा विचार करताना या प्रथिनांचा अभ्यास उपयुक्त ठरतो.

इतिहास : वृषण आणि तापमान यांचा संबंध उष्णताघात प्रथिनांच्या शोधापूर्वीच प्रस्थापित झाला होता. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात कार्ल मूर यांनी १९२० नंतरच्या दशकात गिनीपिग व इतर प्राण्यांचे वृषण शस्त्रक्रियेने उदरात नेऊन ठेवले, तेव्हा थोड्याच आठवड्यांत शुक्रजनक नलिकांचा ऱ्हास झाल्याचे त्यांना आढळले. असा वृषण पुन्हा मुष्कात आणून ठेवल्यास शुक्राणुजनन पूर्ववत होऊ शकते, हेही दिसून आले. यावरून मुष्क ही केवळ वृषणाला सामावणारी पिशवी नसून तापमान नियंत्रित करणारे इंद्रिय आहे, हे स्पष्ट झाले. मूर यांनीच डॉरोथी प्राइस यांच्यासमवेत १९३२ मध्ये पोष ग्रंथी व जनन ग्रंथी यांच्या परस्पर नियंत्रणाची कल्पना मांडली. वृषणाच्या अभ्यासातील उष्णता व हॉर्मोने हे दोन प्रवाह अशा रीतीने एकाच प्रयोगशाळेत एकत्र आले होते.

उष्णताघात प्रतिसादाचा शोध इटालियन आनुवंशिकीविज्ञ फेरूच्चो रितोसा यांना लागला. फळमाशीच्या अळीतील लाळ ग्रंथींत असणाऱ्या महागुणसूत्रांचे ते निरीक्षण करीत होते. ऊष्मायन पेटीचे तापमान वाढल्यामुळे या गुणसूत्रांवर एरवी न दिसणारे फुगवटे आल्याचे त्यांना आढळले. असा फुगवटा म्हणजे त्या जागेवरील जीन कार्यरत झाल्याची खूण होय. हे निरीक्षण १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु त्याचे महत्त्व बराच काळ कोणाच्या ध्यानात आले नाही. १९७४ मध्ये आल्फ्रेड तिस्येर, हर्शेल मिचेल व अर्सुला ट्रेसी यांनी उष्णतेमुळे या कोशिकांत विशिष्ट प्रथिनांची निर्मिती वाढते, असे दाखविले आणि उष्णताघात प्रथिने ही संज्ञा रूढ झाली.

भारतात एस. सी. लाखोटिया व ए. एस. मुखर्जी यांनी १९७० मध्ये फळमाशीच्या ९३-डी या स्थानावरील फुगवटा बेंझामाइड या रसायनाने स्वतंत्रपणे उद्दीपित होतो, असे दाखविले. या ठिकाणचा जीन उष्णतेला प्रतिसाद देत असला, तरी तो प्रथिन तयार करीत नाही. त्याचे कार्य त्यापासून बनणाऱ्या रिबोन्यूक्लिइक अम्लामार्फत चालते. पुढे लाखोटिया व त्यांच्या बनारस हिंदू विद्यापीठातील सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे दाखविले की, हा जीन वृषणातील पुटी-कोशिकांत प्रमाणाबाहेर कार्यरत झाल्यास नर माशी वंध्य होते. उष्णताघात प्रतिसाद व नराची जननक्षमता यांचा संबंध सस्तन प्राण्यांपुरता मर्यादित नाही, हे यावरून दिसते.

वर्गीकरण व कार्य : या प्रथिनांचे वर्गीकरण त्यांच्या रेणुभारानुसार करतात. एचएसपी–७० म्हणजे सु. ७०,००० डाल्टन रेणुभाराचे प्रथिन. याप्रमाणे एचएसपी–९०, एचएसपी–६०, एचएसपी–४० व एचएसपी–२७ यांसारखी लहान प्रथिने अशी प्रमुख कुले मानली जातात. प्रत्येक कुलात अनेक सदस्य असून त्यांतील काही सर्व कोशिकांत सतत असतात, काही केवळ ताणाच्या वेळी निर्माण होतात, तर काही विशिष्ट ऊतकापुरती मर्यादित असतात.

ॲमिनो अम्लांची साखळी तयार झाली, तरी ती योग्य प्रकारे दुमडली जाऊन तिला त्रिमितीय आकार प्राप्त झाल्याखेरीज प्रथिन कार्य करू शकत नाही. दुमडण्याच्या अवस्थेत या साखळ्या एकमेकींना चिकटून निरुपयोगी गोळे बनण्याचा धोका असतो. उष्णताघात प्रथिने अर्धवट दुमडलेल्या साखळ्यांना तात्पुरता आधार देतात, बिघडलेल्या प्रथिनांना पुन्हा आकार देण्यास मदत करतात आणि दुरुस्त न होणाऱ्या प्रथिनांना विघटनाच्या मार्गावर सोडतात. लग्नानंतर सासरी जाणाऱ्या मुलीबरोबर पाठराखीण जाते व ती नव्या घरात रुळल्यावर परत फिरते. त्याप्रमाणे ही प्रथिने इतर प्रथिनांची सोबत करतात, पण तयार होणाऱ्या अंतिम रचनेचा घटक बनत नाहीत. म्हणून त्यांना पाठराखी प्रथिने असे म्हणता येईल.

त्यांच्या निर्मितीचे नियंत्रण उष्णताघात घटक नावाची प्रथिने करतात. त्यांपैकी प्रमुख असलेला पहिला घटक (एचएसएफ–१) सामान्य परिस्थितीत एचएसपी–९० व एचएसपी–७० यांच्याशी बद्ध व निष्क्रिय असतो. उष्णतेमुळे कोशिकेतील अनेक प्रथिनांचा आकार बिघडला की पाठराखी प्रथिने त्यांच्याकडे वळतात आणि हा घटक मुक्त होतो. त्याचे तीन रेणू एकत्र येऊन केंद्रकात जातात, डीएनएवरील विशिष्ट क्रमाला चिकटतात व उष्णताघात जीनांना कार्यरत करतात. पुरेशी पाठराखी प्रथिने तयार झाली की ती पुन्हा या घटकाला बांधून ठेवतात व प्रतिसाद आपोआप थांबतो. बिघाड किती झाला आहे, याचे मोजमाप अशा तऱ्हेने कोशिका स्वतःच करीत असते.

वृषणाचे तापमान : मानवी वृषणाचे तापमान शरीराच्या अंतर्भागापेक्षा सामान्यतः २° ते ४° से. कमी असते. हा फरक टिकविण्यासाठी अनेक योजना आढळतात. मुष्काची त्वचा पातळ असून तिच्याखाली चरबीचा थर नसतो व तीत स्वेद ग्रंथी विपुल असतात. थंडीत त्वचेखालील अरेखित स्नायूंचा थर आकुंचन पावतो व वृषण उचलून धरणारे स्नायू त्याला शरीराच्या जवळ आणतात. उष्म्यात हे स्नायू शिथिल होऊन वृषण दूर लोंबतो. सर्वांत परिणामकारक योजना रक्तवाहिन्यांची आहे. वृषणाकडे जाणाऱ्या रोहिणीभोवती परतणाऱ्या नीलांचे दाट जाळे असते. रोहिणीतील उष्ण रक्ताची उष्णता या नीलांतील थंड रक्ताला मिळते आणि वृषणात पोहोचणारे रक्त आधीच थंड झालेले असते.

सर्व प्राण्यांत ही व्यवस्था नसते. हत्तीचे वृषण आयुष्यभर उदरातच राहतात. पक्ष्यांच्या शरीराचे तापमान सु. ४०° से. किंवा त्याहून अधिक असूनही त्यांच्या उदरातील वृषणांत शुक्राणुजनन सुरळीत चालते. डॉल्फिनचे वृषणही उदरात असतात. तथापि पृष्ठपर व शेपूट यांतून परतणारे थंड रक्त वृषणाजवळ आणणाऱ्या नीला त्यांच्यात असल्याचे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. कमी तापमान ही शुक्राणुजननाची सार्वत्रिक अट नाही, परंतु ज्या प्राण्यांत वृषण मुष्कात उतरले त्यांच्या जनन-कोशिका त्या कमी तापमानाशी जुळवून घेतलेल्या आहेत, असा याचा अर्थ होतो.

शुक्राणुजननातील कार्य : शुक्रजनक नलिकेच्या भित्तीलगत आदिशुक्रकोशिका असतात. त्यांच्या विभाजनाने प्राथमिक शुक्रकोशिका तयार होतात. या कोशिकांत न्यूनीकरण विभाजन (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) होऊन गोलाकार पूर्वशुक्राणू बनतात व त्यांचे रूपांतर शेपटीयुक्त शुक्राणूंत होते. मानवात या संपूर्ण प्रक्रियेस सु. ७४ दिवस लागतात, असे सी. जी. हेलर व वाय. क्लेर्माँ यांनी १९६३ मध्ये दाखविले. इतक्या काळात कोशिकेचा आकार, तिचे केंद्रक व तिच्यातील प्रथिने आमूलाग्र बदलतात. त्यामुळे पाठराखी प्रथिनांची गरज येथे सतत भासते.

एचएसपी–७० कुलातील एचएसपीए–२ हे प्रथिन प्रामुख्याने वृषणात आढळते. त्याची निर्मिती न्यूनीकरण विभाजनाच्या प्रारंभी सुरू होते व तिला उष्णतेच्या उद्दीपनाची गरज नसते. या विभाजनात समजात गुणसूत्रांच्या जोड्या एका प्रथिनमय शिडीसारख्या रचनेने जोडल्या जातात. योग्य वेळी ही शिडी सुटणे आणि विभाजनास चालना देणाऱ्या एंझाइमाची जुळणी होणे या दोन्हींसाठी हे प्रथिन आवश्यक असते. १९९६ मध्ये उंदरातील हा जीन निकामी करण्यात आला, तेव्हा नरांतील शुक्रकोशिका न्यूनीकरण विभाजन पूर्ण न करताच मृत झाल्या व हे नर पूर्णपणे वंध्य झाले. त्याच प्रकारच्या माद्यांची जननक्षमता मात्र अबाधित राहिली. पुढील अवस्थेत पूर्वशुक्राणूंच्या केंद्रकातील हिस्टोन प्रथिनांची जागा प्रोटामिने घेतात व डीएनए अत्यंत घट्ट बांधले जाते. या फेरबदलाच्या वेळी मध्यस्थ प्रथिनांना सांभाळण्याचे कामही एचएसपीए–२ करते.

एचएसपी–९० चा आल्फा हा प्रकार नसलेल्या नर उंदरांतही शुक्राणुजनन न्यूनीकरण विभाजनाच्या सुमारास थांबते, असे २०१० मध्ये आढळले. या उंदरांच्या इतर इंद्रियांत मोठा बिघाड दिसत नाही, कारण तेथे बीटा हा प्रकार त्याची उणीव भरून काढतो. नियंत्रक घटकांचीही अशीच स्थिती आहे. पहिला व दुसरा असे दोन्ही उष्णताघात घटक नसलेले नर उंदीर वंध्य असतात. उलटपक्षी पहिला घटक वृषणात सतत कार्यरत ठेवल्यासही शुक्राणुजनन खंडित होते. म्हणजे या प्रतिसादाचा अभाव जितका घातक, तितकाच त्याचा अतिरेकही घातक ठरतो.

उष्णतेला वृषणाचा प्रतिसाद : शरीराच्या बहुतेक कोशिकांत उष्णताघात प्रतिसाद सु. ४२° से. ला सुरू होतो. उंदराच्या वृषणातील जनन-कोशिकांत मात्र पहिला उष्णताघात घटक ३८° से. लाच कार्यरत होतो, असे १९९५ मध्ये दाखविण्यात आले. त्याच वृषणातील आधार देणाऱ्या इतर कोशिकांचा उंबरठा ४२° से. हाच असतो. जे तापमान यकृत वा स्नायू यांच्या दृष्टीने नेहमीचे आहे, ते जनन-कोशिकांना आघातासारखे वाटते.

यापुढील घटनाक्रम अनपेक्षित आहे. इतर कोशिकांत हा घटक संरक्षक एचएसपी–७० ची निर्मिती करवितो व कोशिका वाचते. प्राथमिक शुक्रकोशिकांत तो कार्यरत होऊनही या संरक्षक प्रथिनाची निर्मिती नीट होत नाही. उलट तो या कोशिकांना नियोजित मृत्यूकडे नेतो. उंदराचा वृषण ४३° से. तापमानात पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यास एक-दोन दिवसांत प्राथमिक शुक्रकोशिका व गोलाकार पूर्वशुक्राणू मोठ्या संख्येने नाश पावतात. आदिशुक्रकोशिका मात्र बऱ्याच अंशी टिकून राहतात व त्यांच्या रक्षणास हाच घटक साहाय्य करतो. एकच घटक एका अवस्थेतील कोशिकांना मारतो व दुसऱ्या अवस्थेतील कोशिकांना तारतो, असे जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखविले. याचा एक संभाव्य अर्थ असा की, न्यूनीकरण विभाजनाच्या वेळी डीएनए तुटून पुन्हा जोडले जात असते. अशा नाजूक क्षणी बिघडलेली कोशिका वाचविल्यास तिच्यातील दोष पुढच्या पिढीत उतरण्याचा संभव असतो. मूळ साठा राखून सदोष कोशिका काढून टाकणे त्या मानाने सुरक्षित ठरते.

हॉर्मोन-नियंत्रण : वृषणाच्या कार्याचे नियंत्रण मेंदूतील अधोथॅलॅमसापासून सुरू होते. तेथून ठराविक अंतराने स्रवणारे मोचक हॉर्मोन पोष ग्रंथीला उद्दीपित करते. या हॉर्मोनाच्या संशोधनाबद्दल रॉजर गीयमँ व अँड्रू शॅली यांना १९७७ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पोष ग्रंथीतून स्रवणाऱ्या पीतपिंडकारी हॉर्मोनाच्या प्रभावाने वृषणातील लायडिख कोशिका टेस्टोस्टेरोन तयार करतात. पुटकोद्दीपक हॉर्मोनाचा परिणाम शुक्रजनक नलिकांतील सेर्तोली कोशिकांवर होतो. जर्मन शास्त्रज्ञ फ्रांट्स लायडिख यांनी १८५० मध्ये व इटालियन शास्त्रज्ञ एन्रीको सेर्तोली यांनी १८६५ मध्ये या कोशिकांचे वर्णन केले. टेस्टोस्टेरोन १९३५ मध्ये बैलाच्या वृषणांतून शुद्ध स्वरूपात मिळविण्यात आले व त्याच वर्षी त्याचे संश्लेषणही साधले. टेस्टोस्टेरोन व सेर्तोली कोशिकांतून स्रवणारे इन्हिबिन यांच्यामुळे पोष ग्रंथीचा स्राव मर्यादेत राहतो.

जनन-कोशिकांत स्वतःच्या कार्यासाठी आवश्यक असा पुं-हॉर्मोनाचा ग्राही नसतो. टेस्टोस्टेरोनाचा संदेश सेर्तोली कोशिका स्वीकारतात आणि पोषण, आधार व रासायनिक संकेत यांच्या रूपाने तो जनन-कोशिकांपर्यंत पोहोचवितात. वृषणातील टेस्टोस्टेरोनाची पातळी रक्तातील पातळीच्या कित्येक पट असते व शुक्राणुजननासाठी ती तशी असावी लागते. पुरुषाने बाहेरून टेस्टोस्टेरोनाची अंतःक्षेपणे (इंजेक्शने) घेतल्यास रक्तातील पातळी वाढते. परंतु पोष ग्रंथीचा स्राव थांबून वृषणातील निर्मिती घटते व शुक्राणूंची संख्या शून्यापर्यंतही जाऊ शकते. शक्ती वा पौरुष वाढविण्यासाठी वैद्यकीय देखरेखीविना अशी औषधे घेणाऱ्या तरुणांत वंध्यत्व येते, ते याच कारणाने.

हॉर्मोने व उष्णताघात प्रथिने यांचा सर्वांत निकटचा संबंध ग्राही प्रथिनाच्या ठिकाणी येतो. पुं-हॉर्मोनाचा ग्राही कोशिकाद्रव्यात तयार झाल्यावर प्रथम एचएसपी–४० व एचएसपी–७० आणि नंतर एचएसपी–९० व त्याची साहाय्यक प्रथिने यांच्याशी संलग्न होतो. या संकुलात असतानाच त्याचा हॉर्मोन धरण्याचा खळगा योग्य आकारात खुला राहतो. टेस्टोस्टेरोन किंवा त्यापासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरोन त्यात बसले की ग्राहीचा आकार बदलतो, तो केंद्रकात जातो व त्याचे दोन रेणू मिळून डीएनएला चिकटतात आणि संबंधित जीन कार्यरत होतात. एचएसपी–९० नसल्यास हॉर्मोन कितीही असले तरी ग्राही त्याला धरू शकत नाही व त्याचे विघटन होते. एफकेबीपी–५२ हे साहाय्यक प्रथिन नसलेल्या नर उंदरांत शिश्नाची रचना सदोष असते, अष्ठीला ग्रंथीची वाढ खुंटते व वंध्यत्व येते. या उंदरांत हॉर्मोन असते, पण त्याचा संदेश पोहोचत नाही.

उष्णतेचा परिणाम हॉर्मोनांच्या निर्मितीवरही होतो. टेस्टोस्टेरोन तयार होण्यासाठी कोलेस्टेरॉल कलकणूंच्या आतील पटलापर्यंत पोहोचावे लागते व त्यासाठी एका नियामक प्रथिनाची गरज असते. उंदरापासून मिळविलेल्या संवर्धित लायडिख कोशिकांना उष्णतेचा आघात दिल्यास या नियामक प्रथिनाची निर्मिती थांबते व स्टेरॉइड हॉर्मोनांचे उत्पादन घटते, असे १९९७ मध्ये आढळले. तथापि प्रत्यक्ष शरीरात लायडिख कोशिका जनन-कोशिकांपेक्षा उष्णतेला अधिक दाद देत नाहीत. त्यामुळे दोन्ही वृषण उदरात राहिलेल्या पुरुषांत शुक्राणूंचा अभाव असूनही दाढी-मिशा, आवाज वगैरे पुरुषी लक्षणे बहुधा विकसित झालेली दिसतात. नलिकांचा ऱ्हास झाल्याने इन्हिबिन घटते व रक्तातील पुटकोद्दीपक हॉर्मोन वाढते. निदानासाठी ही वाढ उपयोगी पडते.

इतर जननेंद्रियांतील कार्य : वृषणातून बाहेर पडलेले शुक्राणू अधिवृषणात परिपक्व होतात. अधिवृषण, शुक्राशय व अष्ठीला ग्रंथी ही सर्व इंद्रिये पुं-हॉर्मोनावर अवलंबून असल्याने वर वर्णन केलेले ग्राहीचे संकुल त्यांच्या कोशिकांत कार्यरत असते. परिपक्व शुक्राणूत नवी प्रथिने तयार करण्याची क्षमता जवळजवळ नसते. म्हणून पूर्वी साठविलेल्या पाठराखी प्रथिनांवरच त्याची भिस्त असते. अंड्याभोवतीचे आवरण ओळखण्यासाठी शुक्राणूच्या पृष्ठभागावर जी प्रथिन-संकुले असतात, त्यांच्या मांडणीत एचएसपीए–२ चा सहभाग असतो. ज्या शुक्राणूंत हे प्रथिन कमी असते, ते अपरिपक्व असून अंड्याला नीट चिकटत नाहीत, असे मानवी वीर्याच्या तपासणीत दिसून आले आहे.

वैद्यकीय महत्त्व : गर्भावस्थेत वृषण उदरात तयार होतो व जन्मापूर्वी मुष्कात उतरतो. उतरण्याचा पहिला टप्पा लायडिख कोशिकांतून स्रवणाऱ्या इन्शुलिनसदृश हॉर्मोनावर आणि वंक्षण (जांघेतील) मार्गातून जाण्याचा दुसरा टप्पा टेस्टोस्टेरोनावर अवलंबून असतो. पूर्ण दिवसांच्या मुलांपैकी सु. २ ते ४ टक्के मुलांत जन्मवेळी एक वा दोन्ही वृषण उतरलेले नसतात. त्यांपैकी बऱ्याच मुलांत पहिल्या काही महिन्यांत ते आपोआप उतरतात. सहा महिन्यांनंतर असे घडण्याची शक्यता फार थोडी असते. याच सुमारास पोष ग्रंथी व टेस्टोस्टेरोन यांच्या अल्पकालीन वाढीच्या प्रभावाखाली मूळ जनन-कोशिकांचे आदिशुक्रकोशिकांत रूपांतर होत असते. वृषण उदराच्या उष्ण परिसरात राहिल्यास या रूपांतरात अडथळा येतो व पुढील आयुष्यातील शुक्राणूंचा साठाच उणा पडतो. म्हणून वृषण मुष्कात आणून स्थिर करण्याची शस्त्रक्रिया ६ ते १८ महिन्यांच्या वयात करावी, असा सल्ला देण्यात येतो. मूल मोठे झाल्यावर बघू, असे म्हणून पालकांनी थांबणे हितावह नसते. अशा वृषणात कर्करोगाचा धोकाही अधिक असतो. स्वीडनमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत वयाच्या तेराव्या वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत हा धोका सर्वसामान्य पुरुषांच्या सु. २·२ पट, तर त्यानंतर शस्त्रक्रिया झालेल्यांत सु. ५·४ पट आढळला.

तीव्र ज्वरानंतर काही आठवड्यांनी शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते आणि दोन-तीन महिन्यांत ती बहुधा पूर्ववत होते. शुक्राणुजननाला लागणारा काळ लक्षात घेतल्यास या विलंबाचा उलगडा होतो : तापात नष्ट झालेल्या कोशिकांची उणीव वीर्यात नंतर दिसते आणि टिकून राहिलेल्या आदिशुक्रकोशिकांपासून नवी फळी तयार होते. यास्तव ज्वरानंतर लगेच केलेल्या एकाच वीर्य-तपासणीवरून वंध्यत्वाचे निदान करू नये. भट्टीजवळ दीर्घकाळ काम, वारंवार अतिउष्ण पाण्यातील स्नान, मांडीवर तापणारी उपकरणे ठेवणे व दीर्घकाळ बैठे काम यांमुळेही मुष्काचे तापमान वाढते. ही कारणे दूर केल्यास सुधारणा होण्याची शक्यता असते. मुष्कातील नीला फुगून वेड्यावाकड्या होण्याच्या विकारात रक्त थंड करण्याची यंत्रणा दुबळी होते. हा विकार सु. १५ टक्के पुरुषांत, तर वंध्यत्वासाठी तपासल्या जाणाऱ्या पुरुषांपैकी ३५ ते ४० टक्के पुरुषांत आढळतो.

अष्ठीला ग्रंथीच्या कर्करोगाची वाढ पुं-हॉर्मोनावर अवलंबून असते, हे चार्ल्स हगिंझ यांनी १९४१ मध्ये दाखविले व त्याबद्दल त्यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. हॉर्मोन काढून घेण्याच्या उपचाराला काही काळाने हा रोग दाद देईनासा होतो. पण तेव्हाही ग्राही प्रथिन बहुधा कार्यरतच असते. एचएसपी–९० चे कार्य थांबविल्यास ग्राहीचा आधार जाईल, या तर्काने जेल्डानामायसीन व त्यापासून बनविलेल्या औषधांची चाचणी घेण्यात आली. प्रयोगशाळेत परिणाम उत्साहवर्धक होते, परंतु अष्ठीला कर्करोगाच्या रुग्णांत लाभ थोडा व यकृतावरील दुष्परिणाम अधिक दिसले. शरीरातील असंख्य प्रथिने याच आधारावर अवलंबून असल्याने केवळ कर्ककोशिकांना बाधेल असा उपाय शोधणे अवघड आहे. एचएसपी–९० रोधक गटातील पिमिटेस्पिब या औषधाला जपानमध्ये २०२२ साली मान्यता मिळाली. मात्र ती जठरांत्र मार्गातील एका विशिष्ट अर्बुदासाठी (गाठीसाठी) आहे.

पशुसंवर्धनातील महत्त्व : उन्हाळ्यात वळू व मेंढे यांच्या वीर्याची प्रत खालावते, हा पशुपालकांचा नेहमीचा अनुभव आहे. वशिंड असलेल्या भारतीय वंशाच्या गुरांत हा परिणाम यूरोपीय वंशाच्या गुरांपेक्षा कमी असतो. त्यांच्या वृषणाची रोहिणी वृषणाच्या आकारमानाच्या मानाने अधिक लांब असून तिची भित्ती पातळ असते व ती नीलांच्या अधिक जवळून जाते. त्यामुळे रक्त अधिक परिणामकारक रीतीने थंड होते. कृत्रिम वीर्यसेचनासाठी वळू राखताना गोठ्यात सावली, पाण्याचे फवारे व हवेची खेळती व्यवस्था ठेवणे त्यामुळे आवश्यक ठरते. उष्ण दिवसांच्या लाटेनंतर गोळा केलेल्या वीर्याची तपासणी त्याच आठवड्यात समाधानकारक वाटली, तरी पुढील सुमारे दोन महिने ती चालू ठेवावी लागते. कारण उष्णतेची झळ लागलेल्या शुक्रकोशिकांपासून बनलेले शुक्राणू त्या अवधीत बाहेर पडत असतात.